माळ्यावरचा जुना ड्रमसेट: विकण्याआधी ओळखायचा कसा, भाव धरायचा कसा

दिवाळीआधी माळा आवरायला काढला की नाशिकच्या जुन्या घरांतून काय काय खाली येतं. पितळी पातेली, पत्र्याच्या ट्रंका, बंद पडलेला रेडिओ आणि कधीमधी धुळीनं माखलेला ड्रमसेट. तो वाजवणारे काका किंवा आजोबा आता नसतात. मुलं पुण्याला नाहीतर परदेशात असतात. सेटनं अर्धी खोली अडवलेली असते आणि दारातला भंगारवाला सिंबल, म्हणजे सेटमधली मोठी झांज, हातात घेऊन वजनाचा अंदाज बांधत असतो.

अशा वेळी ओळखीपाळखीतून लोक मला फोन करतात, कारण मी ड्रम वाजवतो आणि जुने सेट दुरुस्तही करतो. दोन वर्षांपूर्वी नाशिकरोडच्या एका काकूंचा असाच फोन आला होता. "अरे, हे नुसतं लाकूड-लोखंड आहे की याचे काही पैसे येतील?" मी गेलो आणि आम्ही दोघांनी मिळून अख्खी दुपार तो सेट तपासला. ज्यांनी आयुष्यात ड्रमला हात लावलेला नाही अशांसाठी त्या दुपारचा क्रम इथे लिहितो आहे.

सगळ्यात आधी: घासू नका, पुसू नका, सुटं करू नका

जुन्या वाद्याचा भाव त्याच्या चकाकीवर ठरत नाही. मूळचं किती शिल्लक आहे, त्यावर ठरतो. म्हणून घरात पाहुणे येणार असल्यासारखा तो घासायला घेऊ नका. काकूंनी मी पोचायच्या आदल्या दिवशी एक सिंबल चिंच आणि मीठ लावून देवाच्या ताम्हनासारखं लखलखीत केलं होतं. त्यावरची छापील अक्षरं त्यातच गेली. कंपनी ओळखायला शाईची ती दोन ओळींची खूण पुरेशी झाली असती. ती गेल्यावर फक्त ठोक्याच्या ठशावर आणि आवाजावर विसंबावं लागलं. पितांबरी, लिंबू, ब्रासो, पॉलिश पेपर यातलं काहीच नको. कोरड्या सुती फडक्यानं वरवरची धूळ झटकली की पुरे.

बेस ड्रमच्या, म्हणजे सेटमधल्या सर्वात मोठ्या ड्रमच्या, आत उशी, चिंध्या, जुनी गोधडी असं काहीतरी कोंबलेलं असतं. आवाज दाबण्यासाठी पूर्वी सर्रास असं करत. ते मात्र लगेच बाहेर काढा, कारण कापड ओल धरतं आणि लाकडाचे पदर सुटायला लागतात. घर गोदाकाठच्या जुन्या वस्तीत असेल तर २००८ किंवा २०१९ च्या पुराचं पाणी सेटपर्यंत पोचलं होतं का, हे घरातल्यांना विचारा. पाणी लागलेल्या ड्रमच्या लाकडावर खालच्या बाजूला एका पातळीत डागाची रेघ दिसते.

मग सेट जसा आहे तसाच उभा करून फोटो काढा. सकाळच्या उजेडात, खिडकीजवळ, फ्लॅश न वापरता. पुढून, मागून आणि प्रत्येक ड्रमचा वेगळा.

मोजमाप

ड्रमचं माप इंचात सांगतात. व्यास आणि खोली अशी दोन मापं असतात, आणि दोन्ही शेलची, म्हणजे मधल्या लाकडी नळकांड्याची. कडेचा हूप, म्हणजे वरून बसवलेली कडी, त्यात धरत नाहीत. नवखे लोक नेमकी इथेच चूक करतात आणि बावीसचा बेस चोवीसचा म्हणून सांगून बसतात.

१९६० च्या दशकातल्या बऱ्याच सेटमध्ये बेस २० किंवा २२ इंचांचा, वरचा टॉम (बेसवर बसवलेला लहान ड्रम) १२ किंवा १३ चा, फ्लोअर टॉम (पायांवर उभा राहणारा) १४ किंवा १६ चा आणि स्नेअर (खाली तारा लावलेला ड्रम) १४ चा असतो. त्या काळचा बेस साधारण १४ इंच खोल असायचा. खोल बेसची पद्धत नंतर आली. तुमच्या सेटमधला एखादाच ड्रम या हिशेबात बसत नसेल, तर तो बहुधा नंतर कुठून तरी आणून जोडलेला आहे. लहान मापांचे सेट जॅझ वाजवणाऱ्यांना हवे असतात, म्हणून लहान ड्रम म्हणजे कमी भाव असं समजू नका.

प्रत्येक शेलचा व्यास तीन-चार दिशांनी घ्या. दोन-तीन मिलिमीटरचा फरक जुन्या लाकडात चालून जातो. त्याहून जास्त असेल तर शेल वाकडं झालं आहे, आणि ते गिऱ्हाइकाला आपणहून सांगायचं.

बॅज वाचणं

शेलवर हवा जायला एक छोटं भोक असतं आणि बहुतेक कंपन्या त्याच भोकावर धातूची पट्टी ठोकतात. हा बॅज. ढोलपथकातल्या कुणाला दाखवलात तर तो आधी पानाकडे, म्हणजे ज्यावर वाजवतात त्या ताणलेल्या पडद्याकडे, बघेल, मी बॅजकडे बघतो.

लुडविग ही शिकागोची कंपनी. तिचा वर रुंद, खाली निमुळता असा कीस्टोन बॅज साठच्या दशकाची ओळख आहे. १९६४ च्या फेब्रुवारीत बीटल्स अमेरिकेच्या टीव्हीवर झळकले तेव्हा त्यांच्या ड्रमर रिंगो स्टारसमोर लुडविगचाच सेट होता, आणि त्यानंतर कंपनीला मागणी पुरवता येईना. या बॅजवर साधारण १९६३ च्या अखेरीपासून अनुक्रमांक येऊ लागले. पण कारखान्यात बॅज पेटीतून हाताला येईल तसे उचलून ठोकले जायचे, त्यामुळे आकड्यावरून वर्ष अंदाजानंच सांगता येतं. अनेक शेलच्या आत लाल शाईचा तारखेचा शिक्का असतो. माझा भरवसा बॅजच्या आकड्यापेक्षा त्या शिक्क्यावर जास्त आहे. सत्तरच्या दशकात बॅज निळ्या-हिरवट रंगाचा झाला.

ग्रेचचा जुना बॅज गोल असतो आणि आत शेलला चंदेरी रंग दिलेला असतो. गोल बॅज १९७१ च्या सुमाराला जाऊन अष्टकोनी आला. स्लिंगरलँडच्या बॅजवर गावाचं नाव वाचा. कंपनी १९६० मध्ये शिकागोहून नाइल्सला गेली, त्यामुळे नाइल्स लिहिलेला ड्रम त्याआधीचा असूच शकत नाही. रॉजर्सचंही असंच आहे. ओहायो आणि कॅलिफोर्निया असे दोन पत्ते सापडतात, आणि कॅलिफोर्नियाचा पत्ता १९६६ ला कंपनी विकली गेल्यानंतरचा.

आपल्याकडे मात्र अमेरिकन सेटपेक्षा प्रीमियर भेटायची शक्यता जास्त. ही इंग्लंडमधल्या लेस्टरची कंपनी, आणि लष्करी व पोलीस बँडांमध्ये तिचे ड्रम वर्षानुवर्षं वाजले. देवळालीसारख्या छावणीच्या गावाजवळ ते निघाले तर नवल नाही. काकूंचा सेटही प्रीमियरच होता. त्याचं क्रोम इतकं पक्कं की पन्नासेक वर्षांची धूळ फडक्यानं निघाली आणि खालून आरसा दिसला. जुन्या प्रीमियरवर दोन खुणा पाहा. काही सेटच्या टेन्शन रॉडला, म्हणजे पान ताणणाऱ्या लांब स्क्रूला, नेहमीसारखं चौकोनी डोकं नसून खाच असते, ती नाण्यानं फिरवायची. आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीआधीच्या शेलची मापं आजच्या प्रमाण मापांपेक्षा किंचित वेगळी असतात, त्यामुळे दुकानातलं चौदाचं पान त्यावर बसत नाही. ड्रम खराब आहे म्हणून पान बसत नाही, असं समजून एखादा कड तासायला घेतो. तसं कुणालाही करू देऊ नका.

जपानी सेट ही वेगळीच गंमत आहे. साठच्या दशकात जपानी कारखाने परदेशी दुकानांसाठी हव्या त्या नावाचा बॅज लावून सेट बनवून देत. त्यामुळे बॅजवर कधी न ऐकलेलं नाव, आत हलकं तांबूस लाकूड आणि कडेला जाड रिंग असं दिसलं, तर तो बहुधा अशातला. संग्राहकाकडून त्याला मोठा भाव येत नाही. पण यामाहाचा ९००० मालिकेतला बर्च लाकडाचा सेट किंवा टामाचे सुरुवातीचे ड्रम हे वेगळं प्रकरण आहे, त्यांना आजही वाजवणारे शोधत येतात. टामा हे नाव १९७४ पासूनचं. त्याआधी त्याच घराण्याचे ड्रम स्टार नावानं विकले जात.

मेरठच्या जली कोठी भागात बँडची वाद्यं बनवणारी मोठी वस्ती आहे, आणि आपल्याकडच्या बँडपथकांचे कित्येक ड्रम तिथलेच. ते वाजवायला विकावेत, व्हिंटेज म्हणून नाही.

बॅज अस्सल आहे का? कडेनं बारकाईनं पाहा. मूळ बॅजभोवतीचं प्लास्टिक बॅजइतकंच जुनं दिसतं. बाजूला वेगळ्या आकाराची फिकट सावली असेल, तर तिथे आधी दुसरा बॅज होता. नव्यानं बनवलेले बॅज विकत मिळतात, हे लक्षात असू द्या.

आत टॉर्च मारा

या टप्प्याला सर्वात जास्त वेळ द्या. एका टॉमचं खालचं पान काढा. रॉड एकदम एकाच बाजूचे सोडू नका. समोरासमोरचे थोडे थोडे सैल करत जा. आटा गच्च असेल तर मशीन ऑइलचा एक थेंब टाकून रात्रभर ठेवा. वेगवेगळ्या कंपन्यांचे आटे वेगळे असतात, म्हणून एका ड्रमचा रॉड दुसऱ्यात जबरदस्तीनं घुसवायचा नाही. काढलेले रॉड आणि वॉशर त्या त्या ड्रमच्या नावाच्या पिशवीत ठेवा.

आता खोली अंधारी करून आत टॉर्च मारा. लाकडाचे किती पदर आहेत, कडेला मजबुतीची रिंग आहे का, आत रंग आहे की नुसतं वॉर्निश, हे सगळं दिसेल. साठच्या दशकातलं लुडविगचं शेल तीन पदरांचं, रिंग लावलेलं असतं. १९७६ पासून सहा पदरांचं झालं. शिक्के, पेन्सिलीचे आकडे, कागदी लेबल, जे असेल त्याचे फोटो घ्या. काकूंच्या फ्लोअर टॉममध्ये आतल्या भिंतीवर पेन्सिलीनं देवनागरीत एक नाव आणि कार्यक्रमाची तारीख लिहिलेली निघाली. अक्षर काकांचं होतं. काकू तो टॉम मांडीवर घेऊन बराच वेळ बसून राहिल्या. असलं काही निघालं तर पुसू नका. त्यानं किंमत कमी होत नाही, उलट सेट एकाच हातात राहिला याचा तो पुरावा ठरतो.

मग भोकं मोजा. मूळ लग (रॉड ज्यात फिरतो तो शेलवरचा भाग), टॉमचा स्टँड, पाय यांची भोकं सोडून जास्तीचं प्रत्येक भोक भाव उतरवतं. आपल्याकडे हे फार आढळतं, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. १९९१ च्या आधी परदेशी मालाच्या आयातीवर कडक बंधनं होती. स्टँड मोडला की मूळ भाग मिळायचाच नाही. मग सातपूर-अंबडच्या एखाद्या लेथवर लग बनवून घ्यायचे, दुसऱ्याच सेटचा ब्रॅकेट बसवायचा आणि त्यासाठी नवी भोकं पाडायची. वाजवणाऱ्यानं आपलं वाद्य जिवंत ठेवलं, त्यात त्याची चूक नाही. विकताना मात्र कोणता भाग मूळचा आणि कोणता इथे बनवलेला, याची यादी हवीच.

शेलची कड पाहायला स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा किंवा जाड काच घ्या. पान काढलेलं शेल त्यावर उपडं ठेवा, आत टॉर्च लावा आणि दिवा मालवा. खालून प्रकाशाची बारीक, सारखी रेघ दिसली तर कड ठीक आहे. एका जागी ती रुंद झाली तर तिथे कड घासली गेली आहे किंवा शेल पिळवटलं आहे.

बाहेरच्या मोतिया प्लास्टिकला रॅप म्हणतात. उन्हानं, धुरानं ते पिवळं पडतं. हूपखाली झाकलेल्या पट्टीत मूळ रंग दिसतो, तो प्रत्येक ड्रमवर सारखा आहे का हे ताडून पाहा. काकूंचे तीन ड्रम एकाच छटेचे पिवळट झाले होते, स्नेअर मात्र निराळा. म्हणजे तीन ड्रम जन्मापासून एकत्र होते, स्नेअर नंतर आला. रॅप सोलून रंग दिलेला सेट कितीही सुंदर दिसला तरी संग्राहक त्याला मूळ सेटच्या बरोबरीनं धरत नाही.

स्नेअर आणि चुंबक

धातूच्या स्नेअरला फ्रिजवरचं चुंबक लावा. चिकटलं तर पोलाद. न चिकटलं तर पितळ किंवा ॲल्युमिनियम, आणि तिथे थांबून नीट तपासणं आलं. लुडविगचा सुप्राफोनिक ॲल्युमिनियमचा आहे, वर क्रोम. त्यावर पुटकुळ्यांसारखे बारीक खड्डे पडतात. ते वयाचं लक्षण आहे, नकली असल्याचं नाही. काकूंच्या स्नेअरला चुंबक टचकन चिकटलं. मी तसं सांगितलं आणि तो हिशेबात वेगळा धरला. खालच्या तारा, बाजूचा खटका आणि आतली आवाज दाबायची गादी चालू आहे का, हेही लिहून ठेवा.

सिंबल मोडीत देऊ नका

भांडी बाजारात जुनं पातेलं मोडीत देऊन नवं घेताना आपण जे करतो, तेच लोक सिंबलचं करतात. पुष्कळदा अख्ख्या सेटमधली सर्वात मोलाची वस्तू तीच असते. चांगलं सिंबल काशाचं, म्हणजे तांबं आणि कथील यांचं. झिल्जियान या सिंबल कंपनीच्या मुख्य मालिकांत साधारण ८० टक्के तांबं आणि २० टक्के कथील असतं. पाइस्टे या दुसऱ्या कंपनीच्या '२००२' नावाच्या मालिकेत कथील फक्त ८ टक्के. स्वस्त सिंबल पितळी पत्र्याचं असतं. दोरीला टांगून बोटाच्या टोकानं टिचकी मारा. काशाचा आवाज देवळातल्या घंटेसारखा लांबत जातो, पितळेचा भांड्यासारखा लगेच बसतो. जुन्या नाशकातल्या तांबट आळीत ज्यांचं बालपण गेलं, त्यांच्या कानाला हे सांगावं लागत नाही.

ठोकलेला ठसा तिरप्या प्रकाशात वाचा, त्यावर बोट फिरवा. इस्तंबूलचा ठसा असलेलं जुनं के झिल्जियान निघालं तर ते कुणालाही घाईनं देऊ नका. जॅझ वाजवणारे त्यासाठी मोठी रक्कम मोजतात. सत्तरच्या दशकापासूनच्या पाइस्टेवर कोरलेला अनुक्रमांक असतो आणि त्याचा पहिला अंक वर्षाचा शेवटचा अंक सांगतो. ४ असेल तर १९७४ किंवा १९८४, आणि दोहोंतलं कोणतं ते मालिकेवरून ठरतं. प्रीमियरच्या सेटबरोबर झिन किंवा सुपर झिन नावाची सिंबल येत, ती त्याच कंपनीची. काकूंचं घासून काढलेलं सिंबल ठशावरून सुपर झिन निघालं. शाई शाबूत असती तर मालिका आणि काळ अधिक नेमका सांगता आला असता.

व्यास मोजा आणि वजन करा, किराणा दुकानातल्या डिजिटल काट्यावर, ग्रॅममध्ये. गिऱ्हाईक हे विचारतंच. कडेला चीर आहे का हे नखानं चाचपा. मधलं भोक लांबट झालं आहे का तेही बघा. चीर लपवली तर ती पहिल्याच ठोक्याला उघडी पडते.

भाव धरणं

रिव्हर्ब आणि ईबे या वेबसाइटवर तुमचंच मॉडेल शोधा, पण मागितलेली किंमत पाहू नका. प्रत्यक्ष विकले गेलेले सौदे दाखवणारा पर्याय निवडा. मागणारा काहीही मागतो.

मिळालेल्या डॉलरना रुपयांत गुणून तोच आकडा मनात धरणं ही दुसरी चूक. बेस ड्रम हलका असला तरी खोका अवाढव्य होतो आणि कुरियरवाले आकारमानावर पैसे लावतात. भारतातलं गिऱ्हाईक हवं तर इथली रक्कम धरावी लागते. उदाहरणादाखल, समजा परदेशात तसा पूर्ण मूळ सेट एक लाखाला गेला. तुमच्यात दोन जास्तीची भोकं आहेत आणि स्नेअर दुसरा आहे. मी तो आकडा आधी सत्तर-पंचाहत्तर हजारांवर आणीन, मग दुरुस्तीचा खर्च वजा करीन. ही माझी पद्धत, शास्त्र नव्हे. पण असा हिशेब कागदावर असला की घासाघीस करताना तोल जात नाही.

मनात दोन आकडे ठेवा. एक आठवड्यात विकायचा असेल तरचा, दुसरा सहा महिने थांबायची तयारी असेल तरचा. पहिला आकडा गिऱ्हाइकाला कळू देऊ नका.

अख्खा विकायचा की सुटा? बेस, टॉम, फ्लोअर टॉम जन्मापासून एकत्र असतील तर ते फोडू नयेत, असं मला मनापासून वाटतं. पन्नास-साठ वर्षं एकत्र राहिलेले ड्रम एकदा वेगळे झाले की पुन्हा एकत्र येत नाहीत. नंतर आलेला स्नेअर आणि सिंबल मात्र वेगळी विका, त्यात पैसेही जास्त मिळतात. काकूंचं आम्ही तसंच केलं.

गिऱ्हाईक शोधणं

लग्नसराईच्या तोंडावर बँडवाले विचारतील. त्यांना रोज उचलून टेम्पोत टाकायला दणकट सेट हवा असतो आणि गरजेप्रमाणे ते त्यात भोकंही पाडतील. मूळ अवस्थेतला जुना सेट त्यांना देऊ नये. मुंबई, पुणे, गोवा, बंगळूरू इथले स्टुडिओवाले आणि वाजवणारे हे खरे घेणारे. जाहिरातीत कंपनी, मापं, जास्तीची भोकं, बदललेले भाग सगळं लिहा. 'रेअर', 'अँटिक' असे शब्द टाकू नका, जाणकार त्यानंच सावध होतो.

एक धोका स्पष्ट सांगतो. फोनवर कुणी लष्करातला अधिकारी असल्याचं सांगतो, ओळखपत्राचा फोटो पाठवतो, सेट न पाहताच भाव मान्य करतो आणि पैसे घ्यायला क्यूआर कोड स्कॅन करा म्हणतो. छावणीच्या गावात यावर पटकन विश्वास बसतो. पैसे घ्यायला कधीही पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला की फोन ठेवा. खरा घेणारा सेट बघायला येतो, वाजवून बघतो, निदान व्हिडिओवर प्रत्येक शेल आतून दाखवायला लावतो. त्याला ते करू द्या. पैसे खात्यात जमा झाल्याचं बँकेच्या ॲपमध्ये स्वतः पाहा, समोरच्यानं दाखवलेला स्क्रीनशॉट धरू नका. साध्या कागदावर वस्तूचं वर्णन, रक्कम, तारीख लिहून दोघांच्या सह्या घ्या.

पाठवताना पानं पूर्ण सैल करू नका, थोडी ताणलेली ठेवली की शेल गोल राहतं. लहान ड्रम मोठ्यात ठेवायचा तर मधे जाड कापड हवं. सिंबल एकावर एक ठेवताना मधे वर्तमानपत्र नको, त्याची शाई लागते. सुती कापड घाला. पावसाळ्यात उघड्या टेम्पोतून पाठवू नका. ड्रमची चावी, सुटे रॉड, वॉशर एका पिशवीत घालून ती बेस ड्रमच्या आत चिकटवा आणि खोक्यावर तसं लिहा, नाहीतर घेणारा ती शोधत बसतो आणि रात्री अकराला तुम्हाला फोन येतो.